‘७८ दाखवतंय, नॉर्मल आहे!’ : मनगटावरच्या नाडीचा इतिहास

आजचा भाग मी रत्नागिरीतून, घरूनच रेकॉर्ड केलाय. बाहेर धो धो पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज येतोय, तेवढं सांभाळून घ्या. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग.

आज विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात घरच्या गोष्टीनं करतो.

गेल्या जुलैतली गोष्ट. मी पुण्याहून शनिवार-रविवार घरी आलो होतो. वाढदिवसाला मीच बाबांना एक स्मार्टबँड घेऊन दिला होता. बाबा एकदम खूश. रोज सकाळी थिबा पॅलेसपर्यंत चालून यायचे आणि फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचे. पावलं किती, हार्ट रेट किती, रात्री ‘डीप स्लीप’ किती. आईला तर पाठ झालं होतं.

त्या शनिवारी रात्री जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, पित्त झालंय वाटतं. छातीत जड वाटतंय, खांदा दुखतोय. आईनं सोडा दिला. मी पुढे होऊन काय केलं? त्यांचा बँड बघितला. ७८. म्हटलं, “७८ दाखवतंय, नॉर्मल आहे. काही नाही, पडा जरा.” बाबांनाही तेच ऐकायचं होतं.

अशात दीड तास गेला. मग आईनं शेजारच्या सिस्टरकाकूंना हाक मारली. काकू सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्या आल्या, बँड वर सरकवला, बाबांचं मनगट तीन बोटांनी धरलं. हात गार आणि घामानं ओला. त्यांनी विचारलं, “भाऊ, कधीपासून दुखतंय? दुखणं वर जबड्यात जातंय काय?” बाबांनी मान हलवली. मी मध्येच म्हटलं, “काकू, बँडवर तर नॉर्मल आहे.” त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “अरे, घड्याळाला काय विचारतोस? त्यांना विचार. आणि गाडी काढ आधी.”

दवाखान्यात ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता. बाबा वाचले, आता बरे आहेत. पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा अशक्त झाला. तो दीड तास मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. बँड खोटं बोलत नव्हता. ठोके खरंच ७८ होते. मग चुकलं कुठे? उत्तर शोधायला मी नाडी मोजण्याच्या इतिहासात शिरलो. चला, बघू काय सापडलं.

नाडी म्हणजे वेळ

‘नाडी’ म्हटलं की आपल्याला आधी पायजम्याची आठवते, मग वैद्याची. पण आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत नाडी हे चक्क वेळेचं माप आहे. सूर्यसिद्धान्तातलं गणित असं : निरोगी माणसाचा एक श्वास म्हणजे एक ‘प्राण’. ६ प्राण म्हणजे एक पळ. ६० पळं म्हणजे एक नाडी, म्हणजेच एक घटिका. आणि ६० घटिकांचा एक दिवस.

आता कॅल्क्युलेटर काढा. घटिका म्हणजे २४ मिनिटं. पळ म्हणजे २४ सेकंद. म्हणजे एक प्राण ४ सेकंदांचा. मिनिटाला १५ श्वास, दिवसाला २१,६००. आज तुमचा बँड श्वासांचा वेग दाखवत असेल तर बघा, शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा वेग साधारण १२ ते २० मध्ये येतो. जुन्या लोकांचा अंदाज जवळजवळ मधोमध आहे!

लग्नाचा मुहूर्त बघायला पाण्यानं भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडायचे. आजी-आजोबांना विचारा, काहींनी बघितलं असेल. ते घटिकापात्र. वाटी बुडाली की एक घटिका झाली. म्हणजे त्या काळी वेळ मोजायची कल्पनाच शरीरावरून आली होती. आज उलट आहे, शरीर मोजायला आपण घड्याळ लावतो.

तीन बोटं

आता एक काम करा. हातातलं बाजूला ठेवा. उजव्या हाताची मधली तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या थोडं आत ठेवा. हलकं दाबा. लागली नाडी? अंगठ्यानं बघू नका, अंगठ्याला स्वतःचेही ठोके असतात, घोटाळा होतो.

हीच जागा शार्ङ्गधरसंहितेत सांगितली आहे. हा ग्रंथ साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातला. त्यात अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या या नाडीला ‘जीवसाक्षिणी’ म्हटलंय. म्हणजे जिवाची साक्षीदार. गंमत म्हणजे चरक आणि सुश्रुत यांच्या त्याहून जुन्या ग्रंथांत नाडीपरीक्षेची अशी सविस्तर पद्धत नाही, ती नंतर रुजली.

वैद्य नाडीचे आकडे सांगत नसत, चाल सांगत. वाताची नाडी सापासारखी किंवा जळवेसारखी, पित्ताची बेडकासारखी उड्या मारणारी, कफाची हंसासारखी संथ. हे ऐकून हसू येईल. ही वर्गवारी आजच्या वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर टिकते असं माझं म्हणणं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. नाडी बघणारा माणूस समोर बसलेला असायचा. त्याच वेळी तो चेहरा बघायचा, हात गरम की गार ते त्याला कळायचं आणि तो प्रश्न विचारायचा. नाडी ही साक्षीदार होती, निकाल देणारा न्यायाधीश नव्हे.

घड्याळ आलं, आकडा आला

नाडीचा आकडा व्हायला युरोपात सतरावं शतक उजाडावं लागलं. इटलीत सान्तोरिओ नावाचा डॉक्टर होता. त्यानं दोरीला लंबक बांधला आणि दोरीची लांबी कमी-जास्त करत लंबकाचे झोके नाडीच्या ठोक्यांशी जुळवले. ठोके जलद असले की दोरी आखूड. म्हणजे नाडी त्यानं दोरीच्या लांबीत मोजली! हाच माणूस वर्षानुवर्षं वजनकाट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून खाण्याआधी, खाल्ल्यानंतर स्वतःचं वजन करायचा. आज असता तर त्यानंही ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकले असते.

मग १७०७ साली जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरनं नाडीच्या घड्याळावर पुस्तक लिहिलं. त्या वेळच्या खिशातल्या घड्याळांना सेकंदकाटा सहसा नसायचा. फ्लॉयरनं बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ बनवून घेतलं. तेवढ्या वेळात ठोके मोजायचे, लिहून ठेवायचे. ‘मिनिटाला ७८’ ही भाषा इथून पक्की होत गेली.

आकड्याचा फायदा मोठा. कालचा आकडा आजच्याशी ताडता येतो, रत्नागिरीतला आकडा पुण्याला कळवता येतो. पण ‘७८’ म्हटल्यावर हात गार होता हे त्यात येत नाही. चेहरा पांढरा पडला होता हेही येत नाही.

मिठाच्या पाण्यात हात

नाडी म्हणजे हृदयानं ढकललेल्या रक्ताची मनगटापर्यंत आलेली लाट. हृदयात खरं काय चाललंय ते बघायला विजेची मदत लागली. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्थोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अतिशय बारीक तारेचं यंत्र बनवलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर जी सूक्ष्म वीज निर्माण होते, तिनं ती तार हलायची. यंत्राचं वजन सुमारे २७० किलो, चालवायला ५ माणसं. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवलेले. १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या हॉस्पिटलमधल्या रुग्णाचे हृदयाचे सिग्नल टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत आणले. म्हणजे दूरवरून ईसीजी बघणं शंभर वर्षांपूर्वीच झालं होतं.

आइन्थोवेन यांना १९२४ साली नोबेल मिळालं. हे साल लक्षात ठेवा, कारण आता आपण लोणावळ्याला जाणार आहोत.

लोणावळ्याची गोष्ट

त्याच १९२४ साली लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा हट्ट वेगळा होता. योगात शरीराला काय होतं हे नुसतं सांगायचं नाही, मोजून दाखवायचं. त्याआधी बडोद्याला त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्यांचे एक्स-रे काढून बघितले होते. कैवल्यधामात आसनांच्या वेळचा रक्तदाब मोजला जाऊ लागला, आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात छापले जाऊ लागले. आपल्या मातीत ‘शरीर मोजून बघू’ म्हणणारी ही एक मोठी पहिली पिढी.

तेव्हा जगभर एक दावा गाजत होता : योगी आपलं हृदय थांबवू शकतात. नाडी बघणाऱ्याला मनगटात खरंच ठोका लागायचा नाही! १९३५ साली तेरेझ ब्रॉस ही फ्रेंच हृदयतज्ज्ञ ईसीजीचं यंत्र घेऊन भारतात आली. एका योग्याच्या आलेखात हृदयाची लहर जवळजवळ सपाट झालेली तिला दिसली. झालं, चर्चेला उधाण आलं.

वीस-बावीस वर्षांनी दोन संशोधक अमेरिकेतून जास्त चांगली यंत्रं घेऊन भारतात आले. एक मॅरियन वेंगर, दुसरे बसू बागची. दिल्लीच्या एम्समधले बी. के. आनंद त्यांच्याबरोबर होते. त्यांनी चौघांना तपासलं आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापला. तिघं जण श्वास कोंडून छाती आणि पोटाचे स्नायू जोरात आवळत होते. त्यामुळे हृदयाकडे परत येणारं रक्त कमी व्हायचं. मनगटातली नाडी मंदावायची, कधी नाहीशी व्हायची. स्टेथोस्कोपनं ठोके ऐकू यायचे नाहीत. पण ईसीजीवर हृदय आपलं चालूच होतं! चौथ्यानं हृदय थांबवलं नाही, मात्र त्याचा वेग बराच कमी करून दाखवला. तीही साधी गोष्ट नाही.

ही गोष्ट वाचली आणि मी खुर्चीतच ताठ बसलो. त्या योग्यांचं मनगट सांगत होतं ‘हृदय बंद’, आणि हृदय चालू होतं. माझ्या बाबांचं मनगट सांगत होतं ‘सगळं ठीक’, आणि हृदय संकटात होतं. दोन्हीकडे मनगट खोटं बोललं नाही. मनगटाला जेवढं माहीत होतं तेवढं त्यानं सांगितलं, बाकीचं बघणाऱ्यानं गृहीत धरलं.

हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत अडथळा. ठोक्यांचा वेग त्या वेळी वाढू शकतो, कमी होऊ शकतो किंवा अगदी ७८ असू शकतो. नळाला पाणी येतंय यावरून पंपाच्या मोटरची वायर जळतेय की नाही हे कळत नाही, तसंच हे.

३८ किलोच्या दप्तरापासून हिरव्या दिव्यापर्यंत

मग ही मोजणी मनगटावर कशी आली? अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांना वाटलं, माणूस पलंगावर झोपलेला असताना ईसीजी काढण्यात काय अर्थ, त्याला चालता-फिरता मोजायला हवं. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी यंत्र पाठीला बांधलं. वजन सुमारे ३८ किलो! म्हणजे सिमेंटच्या पोत्याच्या साधारण पाऊणपट. पुढे ते लहान होत गेलं. आजही डॉक्टर ‘होल्टर लावू’ म्हणतात, ते याच माणसाचं नाव.

१९८२ मध्ये फिनलंडच्या पोलार कंपनीनं खेळाडूंसाठी छातीला पट्टा आणि मनगटावर आकडा दाखवणारं घड्याळ, असं वायरशिवायचं यंत्र आणलं. साधारण २०१५ पासून छातीचा पट्टाही गेला आणि बँडच्या पोटातला हिरवा दिवा घरोघरी पोहोचला.

हा हिरवा दिवा काय करतो? लहानपणी लाइट गेल्यावर बॅटरीवर हात ठेवून बघितलाय ना? बोटं लाल दिसतात, कारण लाल प्रकाश रक्तातून बराच आरपार जातो. हिरवा प्रकाश मात्र रक्त शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात क्षणभर रक्त वाढतं आणि परत येणारा हिरवा प्रकाश कमी होतो. बँड हे चढ-उतार मोजतो. बोटावर प्रकाश टाकून रक्ताचे असे चढ-उतार मोजण्याचं काम १९३० च्या दशकातच झालेलं आहे, दिवा तेवढा आता स्वस्त आणि छोटा झाला.

म्हणूनच बँड सैल असेल, हात घामानं निसरडा असेल, तर आकडा चुकतो. भाट्याच्या किनाऱ्यावर पळताना अचानक १७० दिसलं तर घाबरण्याआधी विचार करा, बँड तुमची पावलं तर मोजत नाही ना? हाताच्या लयीतले झटके त्याला ठोके वाटू शकतात.

आणि झोप?

झोपेच्या बाबतीत अंदाजाचा भाग आणखी मोठा आहे. झोप मेंदूत घडते. जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली तीही १९२४ मध्येच. मग १९५३ साली शिकागोचे युजीन ॲसेरिन्स्की आणि त्यांचे गुरू नेथॅनिएल क्लाइटमन यांनी छापलं की झोपेत ठरावीक वेळी बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. ॲसेरिन्स्कीनं सुरुवातीचे प्रयोग स्वतःच्या लहान मुलावर केले होते. तुमच्या ॲपमध्ये ‘रेम’ लिहिलेलं असतं ते हेच.

दवाखान्यात झोपेची खरी तपासणी करतात तेव्हा डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला वायरी लावतात, श्वास आणि ऑक्सिजन मोजतात. तुमच्या बँडकडे यातलं काय असतं? मुख्यतः हाताची हालचाल आणि ठोके. त्यावरून तो ठरवतो, हा झोपलाय, ही डीप, ही रेम. तुम्ही रात्री २ वाजता छताकडे बघत निपचित पडला असाल, तरी त्याला वाटू शकतं की स्वारी झोपलीय.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक नवा त्रास नोंदवला आणि त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं. ट्रॅकरवर झोप परफेक्ट दिसली पाहिजे या काळजीनंच लोकांची झोप बिघडत होती! आमच्या बाबांचं थोडं तेच झालं होतं. सकाळी उठल्यावर आई विचारायची, “झोप लागली का?” आणि ते म्हणायचे, “थांब, बघून सांगतो.”

मग बँड काढून टाकायचा?

अजिबात नाही. मी स्वतः वापरतो. ॲपलच्या घड्याळावर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापला गेला. ४ लाख १९ हजारांवर लोक त्यात होते. त्यातल्या ०.५२ टक्के लोकांना ‘ठोके अनियमित आहेत’ असा इशारा मिळाला. पुढे ज्यांनी ईसीजीचा पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांच्या हृदयाच्या लयीत खरंच तो बिघाड सापडला. म्हणजे अशा इशाऱ्याकडे काणाडोळा करायचा नाही, डॉक्टरकडे जायचं. पण तो इशारा लयीचा आहे. हार्ट अटॅक ओळखण्याचं काम हे घड्याळ करत नाही, हे कंपनी स्वतःच सांगते.

बँडकडून एका क्षणाचा निकाल मागू नका, आठवड्यांचा कल बघा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके साधारण ६० ते १०० असतात, नियमित पळणाऱ्यांचे त्याहून कमी. तुमचा नेहमीचा आकडा ६४ असेल आणि चार दिवस तो ७८ झाला, तर काहीतरी सांगतोय. ताप, जागरण, ताण, काहीही असेल. झोपेतही ‘डीप किती मिनिटं’ यापेक्षा रोज किती वाजता आडवे झालात आणि किती वाजता उठलात, हे बघा. तेवढं तो बऱ्यापैकी सांगतो.

आणि हे मात्र नीट ऐका. छातीत दाब किंवा जडपणा, दुखणं खांद्यात, हातात, जबड्यात जाणं, गार घाम, दम लागणं, मळमळ. यातलं काही घरात कुणाला झालं तर बँडकडे बघू नका. बायकांमध्ये आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये छातीत फारसं न दुखताही अटॅक येऊ शकतो, म्हणून ‘पित्त असेल’ म्हणून वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं ईसीजी होईल तिथे पोहोचा. ईसीजी नॉर्मल निघाला तर बरंच झालं, कुणी हसणार नाही.

बाबा आजही बँड लावतात. पाऊस नसला की थिबा पॅलेसपर्यंत जातात, आता जरा हळू. ग्रुपवर स्क्रीनशॉट अजून येतात. फरक एवढाच की मी पुण्याहून नुसता अंगठा दाखवत नाही, फोन करतो. विचारतो, “बाबा, कसं वाटतंय?” पहिल्यांदा त्यांनी आकडाच सांगितला होता. म्हटलं, आकडा दिसला मला, तुम्ही सांगा.

सिस्टरकाकूंना हा भाग रेकॉर्ड करण्याआधी वाचून दाखवला. सान्तोरिओ, आइन्थोवेन सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “एवढा इतिहास सांगितलास, ते बरं केलंस. पण पोरांना नाडी बघायला शिकव.”

तर आज घरी गेल्यावर हे करा. घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसा, तीन बोटं मनगटावर ठेवा, ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. आणि मोजता मोजता विचारा, बरं वाटतंय ना?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.